सोडलेला सांबार

चातुर्मासात एखादी वस्तू सोडावी, आणि ती सोडल्याचा संकल्प आषाढी एकादशीला मारुतीच्या देवळात चारचौघांसमक्ष मोठ्याने उच्चारावा, अशी आमच्या गावची जुनी रीत आहे. संकल्प मोठ्याने उच्चारण्यामागचे कारण शास्त्रात शोधू नये. मनातल्या मनात सोडलेली वस्तू मनातल्या मनात परतही घेता येते, एवढेच आमच्या पूर्वजांनी ओळखले असावे.

चंद्रपूरहून पूर्वेकडे, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मध्ये वसलेले आमचे गाव. तेथील शाळेत मी हयातभर संस्कृत शिकविले आणि सेवानिवृत्तीनंतर दर चातुर्मासात देवळात पोथी वाचण्याची सेवा पत्करली. रोज दुपारी एक अध्याय. वाचणाऱ्याने धुतलेल्या घोंगडीवर मांडी घालून बसावे, पोथी समोरच्या चौरंगावर ठेवावी, आणि अध्याय पुरा होईतो मांडी मोडू नये, हा तिथला नियम. तो कोणी घातला हे कोणासच ठाऊक नाही. म्हणूनच तो मोडण्याचा अधिकारही कोणापाशी नाही.

त्या वर्षी संकल्पाची माझी पाळी आली, तेव्हा तलावावरचे भाऊ पुढ्यातच बसले होते. हे भाऊ मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळे टाकून उपजीविका करणारे, वयाने माझ्याच बरोबरीचे, आणि पोथीच्या श्रवणाला एकही दिवस न चुकणारे गृहस्थ. श्रावणभर ते मासे पकडतात, विकतात, पण खात नाहीत. असे वैराग्य मला ग्रंथांतही क्वचितच आढळले आहे. ते सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

"गुरुजी, दरसाली तुमी दुधीभोपळाच काऊन सोडता? तो तर तुमाले आवडतच नाई."

देवळात हसू उसळले. दुधीभोपळ्याविषयीचे माझे मत गावाला ठाऊक असेल, याची मला कल्पना नव्हती. ते ज्यांच्याकडून गावात गेले असणे संभवनीय होते, त्या माझ्या पत्नी बाहेर पायरीवर बसून शांतपणे वाती वळत होत्या.

मी आचमन केले आणि म्हणालो, "यंदा मी सांबार सोडतो."

ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार. वरणावर सांबार, भाजीवर सांबार, आणि थंडीत त्याचेच सारण भरून तळलेली पुडाची वडी. या पानाखेरीज माझ्या जेवणास पूर्णता येत नाही. सबंध देवळाने क्षणभर माझ्याकडे आदराने पाहिले. पावसाळ्यात सांबार सडतो, महाग होतो आणि आठवडी बाजारात धड मिळतही नाही, ही गोष्ट त्या क्षणी कोणाच्या ध्यानात आली नाही. माझ्या आली होती.

श्रावण लागला आणि माझा उजवा गुडघा सुजला. काही निमित्त झाले नाही. सकाळी उठलो तो गुडघ्याच्या जागी एक लहानसे कवठ होते. त्या दुपारी अर्धा अध्याय होतो न होतो तोच वेदना अशी चढली की ओवी एकीकडे आणि श्वास दुसरीकडे गेला, आणि मी मांडी मोडली. श्रोत्यांनी माना खाली घातल्या. त्यानेच मला अधिक दुखले.

चंद्रपूरला डॉक्टरांना दाखविले. तरुण, मृदुभाषी मनुष्य. त्यांनी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितले, आणि म्हणाले, "आजोबा, जमिनीवर बसणं बंद. खुर्चीवर बसा."

"खुर्चीवर बसून पोथी वाचता येत नाही," मी म्हणालो.

"डोळे ठीक आहेत ना?" त्यांनी विचारले.

पोथी चौरंगावर आणि आपण तिच्याहून उंच, पाय तिच्या दिशेला लोंबकळलेले, हे चित्र त्यांना कसे समजावून सांगावे ते मला उमगेना. मी गोळ्या घेऊन परतलो. गोळ्यांनी गुडघ्याचे दुःख पोटात नेऊन ठेवले, म्हणून त्याही थांबवाव्या लागल्या.

पुढे रोज अध्याय अर्ध्यावर राहू लागला, तेव्हा देवळाची पंचमंडळी माझ्याकडे आली. मोठ्या आदबीने बोलली. पोथी खंडित होणे बरे नव्हे; पोळ्यापर्यंत वाट पाहू; तोवर गुडघा बरा झाला तर उत्तमच; नाही तर दुसरी व्यवस्था करावी लागेल. दुसरी व्यवस्था कोणती, ते त्यांच्याबरोबर आलेल्या भाऊंनी उलगडून सांगितले. हिवाळ्यात आमच्याकडे झाडीपट्टीची नाटके होतात, त्यांचा एक मोठा ध्वनिक्षेपक गावच्या मंडळाकडे पडून होता.

"मोबाईलात एक महाराज वाचते, गुरुजी. लय गोड आवाज. ते भोंग्याले जोडून देऊ. त्याले गुडघेच नाई."

ते गमतीने बोलले, हे मला कळत होते. पण पंच हसले नाहीत, हेही मला दिसत होते. माझ्यापाशी मुलांना देण्यासारखे व्याकरण उरलेले नाही, शेतीचा तुकडा बटाईने दिलेला आहे. दिवसाकाठी माझी म्हणावी अशी तेवढीच एक घटका. ती एका भोंग्याला द्यावी लागणार होती.

अशा वेळी पुण्याहून चिरंजीवांचा संदेश आला. त्यांचे अध्ययन विज्ञानाचे. वडिलांवरचे प्रेम ते दूरध्वनीवर आलेले लेख पुढे धाडून व्यक्त करतात. या लेखाचा विषय असा, की स्वयंपाकातल्या एका सामान्य पानात सूज उतरविण्याचा गुण असल्याचे आढळत आहे. पान कोणते ते मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. कोथिंबीर.

परमेश्वराच्या विनोदबुद्धीविषयी मला पूर्वीपासून आदर आहे. त्या सकाळी तो दृढ झाला.

मी चिरंजीवांना फोन केला. हे कोणावर सिद्ध झाले, असे विचारले.

"उंदरांवर, बाबा. अशा प्रयोगात आधी उंदराच्या पंजाला सूज आणतात, मग अर्क देऊन ती किती उतरते ते बघतात. माणसांवर अजून तसं काही पक्कं नाही. तुम्ही आपलं जेवणात घ्या, एवढंच."

गणरायाच्या वाहनाचा पंजा प्रथम आपणच सुजवावा आणि मग तो बरा केल्याचे श्रेय आपणच घ्यावे, ही पद्धती मला काहीशी राजकारणासारखी वाटली. परंतु गरजवंताने प्रमाणांची फार चिकित्सा करू नये. मी माझा आयुर्वेदाचा जुना निघंटू काढला. धान्यक, म्हणजे धने-कोथिंबीर, शीत, पाचक, तृषा व दाह शमविणारे, असे गुण तेथे होते. सुजेचा उल्लेख काही दिसला नाही. पण जेथे दाह शमतो तेथे सूज कितीशी तग धरील, असा अन्वय मी लावला. विद्यार्थ्याने असा अन्वय लावला असता तर त्याला मी बाकावर उभे केले असते.

प्रश्न व्रताचा होता. त्याचेही उत्तर शास्त्रात तयारच होते. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही त्यांत पाणी, मूळ, फळ, दूध यांच्या मागोमाग शेवटी औषध येते. औषध म्हणून घेतलेला सांबार हा सांबार नव्हेच. मी हे पत्नीला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सविस्तर सांगितले. त्या गडचिरोलीतल्या वडशाकडच्या मुलखात वाढलेल्या. शास्त्रार्थ ऐकताना त्यांचे हात थांबत नाहीत.

"म्हंजे तुमाले सांबार पाह्यजे," त्या म्हणाल्या.

"सांबार नव्हे. त्याचा रस. औषध म्हणून."

"बरं. मंग त्यात मीठ-जिरं नाई टाकत. औषधाले कायले पाह्यजे चव?"

 दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्नानसंध्या आटोपली की पितळी पेल्यात हिरवा, अळणी, गवताच्या वासाचा रस माझ्यापुढे येऊ लागला. पहिल्या दिवशी तो खरोखर औषधासारखा लागला, आणि मला समाधान वाटले.

पत्नीने त्याच दिवशी शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, माझ्या गुडघ्याभोवती वेढला आणि जेथे टोक मिळाले तेथे खुणेची गाठ मारून तो सोडून डब्यात ठेवला. "आठवड्यानं पाहू, गाठ कुठी येते," त्या म्हणाल्या. मला ही पद्धत उंदरांच्या प्रयोगाहून अधिक सुसंस्कृत वाटली.

आता, ऐन पावसाळ्यात बाजारातून मिळेल त्या भावाने सांबाराच्या जुड्या पिशवीभर नेणारी बाई लपत नाही. आणि जिच्या घरच्या धन्याने तो देवासमोर सोडला आहे, ती तर मुळीच लपत नाही. कुजबुज देवळापर्यंत आली. मी ती वाढू दिली नाही. अध्याय आरंभण्यापूर्वीच मी गुडघ्याचा, लेखाचा आणि शास्त्रवचनाचा खुलासा केला. औषधाने व्रतभंग होत नाही, हे आठ गोष्टींच्या यादीसह समजावून सांगितले. निरूपण उत्तम वठले. इतक्या वर्षांत माझे कोणतेही निरूपण श्रोत्यांनी इतक्या एकाग्रतेने ऐकले नव्हते. त्या एकाग्रतेचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला.

चहा सोडलेले किराणा दुकानदार मला सकाळी दुकानात बशीतून चहा पिताना दिसले. मला पाहून ते दचकले नाहीत; उलट त्यांनी हात जोडले. "डोकं चढून राह्यलं होतं, गुरुजी. डोक्याचं औषध म्हनून घेतला."

ज्यांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला होता, त्यांना तो पोट साफ होण्यासाठी आवश्यक असल्याचे निष्पन्न झाले. साखर सोडलेल्या एका काकूंना चक्कर येऊ लागली. कांदा सोडलेल्यांना उन्हाचा त्रास झाला, आणि बाहेर तर श्रावणाची झड लागलेली होती. अवघे गाव औषधावर आले. इतके आजारी आणि इतके आनंदी गाव मी यापूर्वी पाहिले नव्हते. प्रत्येक जण घोट घेण्यापूर्वी माझे नाव घेत होता.

शेवटी एका संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून येताना भाऊंच्या घरातून कढईतल्या माशाचा वास आला. मी अंगणात थांबलो. भाऊ बाहेर आले, बोटे चाटणे त्यांनी तसेच अर्ध्यावर थांबविले.

"भाऊ, श्रावण आहे," मी म्हणालो.

"डोळ्यासाठी, गुरुजी," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "दिसून नाई राह्यलं. डॉक्टर म्हनते, मासोळीनं नजर चांगली रायते."

"तुम्ही मला इतक्या अंधारात, अंगणाच्या टोकावर ओळखलेत."

"दुपारपासून खाऊन राह्यलो न. गुन आला."

मी हसलो नाही, असे लिहिले तर ते असत्य होईल. पण घरी येईपर्यंत हसू विरले होते. ज्या माणसाचे वैराग्य मी मनोमन सर्वश्रेष्ठ मानीत होतो, ते माझ्या एका वचनाने कढईत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला समोर आला. मी तो घेतला आणि रिता करून ठेवला. पत्नी पाहत होत्या.

"तुमी पेला चाटून राह्यले," त्या म्हणाल्या.

ते खरे होते. अळणी रसाची मला गोडी लागली होती. संध्या करताना माझे चित्त गायत्रीच्या मागे न राहता चुलीपाशी जाऊन बसत होते. औषध कडू असावे असा काही नियम नाही. परंतु ज्याची वाट पाहावी लागते ते औषध नव्हे, एवढे समजण्यासाठी निघंटू उघडावा लागत नाही.

त्या दुपारी देवळात मी दुसरे निरूपण केले. ते पहिल्याइतके वठले नाही. शास्त्रवचन खरे आहे, मी म्हणालो. चूक माझ्या जिभेची आहे. मी आजपासून रस थांबवितो. ज्यांना आपल्या औषधाची सकाळपासून आठवण येते त्यांनी काय करावे, ते त्यांनी ठरवावे. किराणा दुकानदार छताकडे पाहू लागले. भाऊ म्हणाले, "म्हंजे गुडघा गेला अन् मासोळीही गेली," आणि एक मोठा सुस्कारा टाकून त्यांनी माझ्या घोंगडीची घडी सारखी केली. त्या दिवशी माझी मांडी अध्यायाच्या पहिल्या चतुर्थांशातच मोडली.

पोळा जवळ आला. गाठ पाहण्याचे आम्ही दोघेही टाळीत होतो. पोळ्याच्या आदल्या दुपारी, बाहेर बैलांची शिंगे रंगविण्याचा कलकलाट चाललेला असताना, पत्नीने तो दोरा डब्यातून काढला आणि माझ्या गुडघ्याला वेढला. गाठ जेथे होती तेथेच आली. नीट ओढली असता किंचित आत आली. सैल सोडली असता किंचित बाहेर गेली. दोऱ्याचा कौल कोणत्याही बाजूने लिहिता आला असता.

"उंदरायले आला असन गुन," त्या म्हणाल्या. मग दोरा गुंडाळता गुंडाळता, पाटावरून उठण्यासाठी त्यांनी भिंतीला हात लावला, आणि उठताना त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तो आवाज मी रोज ऐकत असे. भांड्याच्या, बांगडीच्या आवाजासारखा तो घरातलाच होता.

"थांबा," मी म्हणालो. "तुमचा गुडघा पाहू."

"माह्या गुडघ्याले का पाह्यता?"

मी दोरा त्यांच्या हातून घेतला. लुगड्यावरूनच वेढला. माझ्या सुजेच्या मापाला गाठ मारलेल्या दोऱ्याचे टोक त्यांच्या गुडघ्याभोवती गाठीला भेटलेच नाही. मध्ये चांगले बोटभर अंतर राहिले.

 बाहेर कोणाच्या बैलाने रंगाचे भांडे लवंडले असावे, पोरे ओरडली.

"केव्हापासून?" मी विचारले.

"झाले की वर्सं. दोन्ही आहेत."

"पण तुम्ही तर सांबार..."

"माह्या पोटात तर रोजच जाते सांबार," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताटात टाकाचा, तो कोन निवडते, कोन चाखते? मले कोनी उंदरायचा कागद नाई धाडला, म्हनून सूज उतरली नसन."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्या खरोखरच हसत होत्या. मला मात्र देवळाची पायरी आठवली. मी अध्याय वाचीत असताना त्या बाहेर, चपलांच्या शेजारी, पाय खाली सोडून बसतात. त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच वृद्ध बायका बसतात. माझी आजवरची समजूत अशी, की विनयाने त्या आत येत नाहीत. आणि या विनयाचे मी एकदोन निरूपणांत कौतुकही केले होते. आत का येत नाही, असे मी विचारले.

"आत येऊन बसाव कुठी?" त्या म्हणाल्या. "बसलो तर उठवाले दोघं लागतीन. पायरीवर पाय सोडता येते. तुमचा आवाज तिथवर येते. भोंग्याचाही येईन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पंच निर्णयासाठी देवळात जमले. ध्वनिक्षेपक खांबाला बांधून ठेवलेलाच होता. त्याचे तोंड मारुतीकडे होते. मी म्हणालो, "पोथी मीच वाचीन. खुर्चीवर बसून वाचीन."

एक पंच अडखळत म्हणाले, "पण गुरुजी, पोथीच्या वर..."

"पोथी माझ्याहून वर ठेवू. पोथी उंच नेऊ नये असे कोठेही सांगितलेले नाही."

भाऊंनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळले. ही सोय मला इतक्या उशिरा का सुचली, असे त्यांना विचारायचे असावे.  ते उठले आणि नाटक मंडळाच्या खोलीतून टेबल घेऊन आले. गेल्या हिवाळ्यात याच टेबलावर खलनायकाने दारूची बाटली आणि पिस्तूल ठेवले होते. टेबल गोमूत्राने धुतले, त्यावर चौरंग, चौरंगावर पोथी. लग्नसमारंभातली लाल प्लास्टिकची एक खुर्ची आली. मी बसलो. पाय खाली सोडले. पोथी माझ्या नाकासमोर, किंबहुना थोडी वरच आली. वाचताना मान उंचावावी लागत होती, म्हणजे गुडघ्याचे दुःख आता मानेत जाणार, हेही स्पष्ट दिसत होते.

"आणखी एक खुर्ची आणा," मी म्हणालो.

"कोनासाठी?"

मी पायरीकडे पाहिले. पत्नीने वाती वळणे थांबविले, आणि मान हलवून नको नको अशी खूण केली. भाऊ मात्र तोवर बाहेर पडले होते. ते परतले ते डोक्यावर खुर्च्यांची उतरंड घेऊन, आणि वाटेत एकेका म्हातारीसमोर थांबत, "चाला काकू, उठा, आता तं आतमंदी लग्न आहे," असे म्हणत. बायका संकोचून, एकमेकींना पुढे ढकलीत आत आल्या. पत्नी सर्वांच्या शेवटी आल्या आणि सर्वांत मागच्या खुर्चीवर बसल्या. बसताना तो बारीक आवाज आला नाही.

त्या दिवशी अध्याय पुरा झाला.

पुढे कार्तिकी एकादशीला समाप्ती झाली आणि माझा सांबार मोकळा झाला. त्या वेळी थंडी पडली होती, बाजारात जुड्यांचे ढीग होते. पत्नीने पुडाची वडी केली. खुर्चीवर बसून त्यांनी सांबार निवडला, मी शेजारी बसून देठ काढले. देठ मला नीट काढता येत नाहीत, हे मला त्या दिवशी वारंवार सांगण्यात आले. भाऊ वडी खायला आले. पत्नीच्या आणि माझ्या गुडघ्यांची सूज होती तेथेच होती. वडी मात्र उत्कृष्ट झाली होती, आणि औषध म्हणून तिचे समर्थन करण्याची गरज कोणालाच भासली नाही.

तिसरी वडी उचलीत भाऊ म्हणाले, "मंग गुरुजी, येत्या आषाढीले का सोडाव म्हनता?"

मी विचार करीत होतो. उत्तर स्वयंपाकघरातून आले.

"दुधीभोपळाच सोडा म्हना त्यायले," पत्नी म्हणाल्या. "खुर्ची सोडतो म्हनतीन, तर तिच्यावर बसून पोथी मी वाचीन."